जेराल्ड वायली नावाचा डुआयडी (रॉनी बार्करबद्दल गप्पा)

वळचणीचं पाणी

२००९ च्या हिवाळ्यात कंपनीने मला बर्मिंगहॅमला पाठवलं होतं. एका संध्याकाळी भाड्याच्या घरातला फ्यूज उडाला, घरमालक फोन उचलेना, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "फोर कँडल्स, प्लीज." गल्ल्यावरचे म्हातारबाबा दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता आत गेले आणि बागेची माती उकरायचा जो दाताळ्यासारखा काटा असतो, त्याचा लाकडी दांडा घेऊन आले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसून हसून खाली बसायच्या बेतात. मला वाटलं, आपल्या उच्चारांची टिंगल चाललीय. कानशिलं तापली. बाबांच्या ते लक्षात आलं असावं. मेणबत्त्यांबरोबर त्यांनी एक चिठ्ठी दिली, तिच्यावर फक्त लिहिलं होतं: टू रॉनीज.

घरी (मेणबत्तीच्या उजेडात, लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत) शोधून पाहिलं. टू रॉनीज म्हणजे रॉनी बार्कर आणि रॉनी कॉर्बेट या दोन ब्रिटिश विनोदी नटांचा टीव्ही कार्यक्रम, आणि मला सापडलं ते त्यातलं एक प्रहसन. दुकानदार कॉर्बेट, गिऱ्हाईक बार्कर. बार्कर म्हणतो, "फोर कँडल्स." कॉर्बेट चार मेणबत्त्या काढून ठेवतो. तो म्हणतो, "नाही हो, फोर्क हँडल्स! काट्याचे दांडे!" साधा इंग्रज माणूस बोलताना 'ह' खातो, त्यामुळे 'फोर्क हँडल्स'चं 'फोर्कँडल्स' होतं. एवढ्याशा खाल्लेल्या 'ह'वर सगळं प्रहसन उभं आहे. पुढे 'ओज' मागतो, म्हणजे कुदळ्या की पाइप की फाटकावर लावायची अक्षरं? दुकानदार शिडी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. हसू शब्दांवर येतं तितकंच त्या शिडीवर येतं.

१९७६ च्या सप्टेंबरात बीबीसीवर हे लागलं. लेखक म्हणून नाव होतं जेराल्ड वायली. हा वायली कोण, हीच खरी गंमत आहे आणि त्यासाठीच धागा काढलाय.

रोनाल्ड विल्यम जॉर्ज बार्कर. जन्म २५ सप्टेंबर १९२९, बेडफर्ड. वडील तेल कंपनीत कारकून. लहानपण ऑक्सफर्डला गेलं. वास्तुशास्त्र शिकायला गेला, सहाएक महिन्यांत सोडलं. बँकेत चिकटला, तिथून हौशी नाटकात आणि १९४८ मध्ये एल्सबरीच्या एका रेपर्टरी कंपनीत, आठवड्याला अडीच पौंडांवर. रेपर्टरी म्हणजे दर आठवड्याला नवं नाटक. रात्री एकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्याची तालीम. आज म्हातारा, सोमवारपासून हवालदार, त्याच्या पुढच्या सोमवारी पाद्री. मधे काम नव्हतं तेव्हा त्याने इस्पितळात रुग्णांच्या गाड्या ढकलायचं कामही केलं. चेहऱ्यामागे लपायची सवय त्याला त्या आठवडी नाटकांत लागली असावी, असा माझा अंदाज.

मग रेडिओ, मग १९६६ चा 'फ्रॉस्ट रिपोर्ट' हा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम. तिथलं वर्गभेदावरचं प्रहसन अनेकांनी पाहिलं असेल: साडेसहा फुटांच्या आसपासचा जॉन क्लीज, मधे बार्कर, शेवटी पाच फूट एक इंचाचा कॉर्बेट. मधला वरच्याकडे मान वर करून बघतो, खालच्याकडे वाकून बघतो. खालचा म्हणतो, मला माझी जागा ठाऊक आहे. इंग्लंडच्या जातिव्यवस्थेवर (दुसरा शब्द सुचत नाही) मी पाहिलेलं सगळ्यात आटोपशीर भाष्य.

आता वायली. १९६८ च्या सुमारास डेव्हिड फ्रॉस्टच्या रविवारच्या कार्यक्रमाकडे बार्करच्याच एजंटमार्फत एका अनोळखी लेखकाची प्रहसनं येऊ लागली. जेराल्ड वायली. भेटत नाही, फोनवर येत नाही, लिहितो मात्र फर्मास. लोक तर्क लढवायला लागले: नाटककार टॉम स्टॉपर्ड असेल, नोएल कॉवर्ड असेल. कॉर्बेटला त्यातलं डॉक्टरच्या प्रतीक्षाखोलीचं प्रहसन रंगमंचासाठी विकत हवं होतं. एजंटकडून निरोप आला, तीन हजार पौंड. बार्कर म्हणाला, अरे, लूट आहे ही, देऊ नकोस! थोड्या दिवसांनी वायलीने ते फुकट देऊन टाकलं. भारावलेल्या कॉर्बेटने त्याला सहा काचेचे पेले पाठवले, वर जी. डब्ल्यू. कोरून. कधी वायलीचं लिखाण वाचताना बार्कर नाक मुरडायचा, हे काही जमलेलं नाही म्हणायचा.

शेवटी स्टुडिओसमोरच्या एका चायनीज उपहारगृहात सगळी मंडळी जमली. वायली स्वतः येणार असा निरोप होता. सगळ्यांचे डोळे दाराकडे. बार्कर उभा राहिला आणि म्हणाला, वायली मीच. पहिल्यांदा कुणी विश्वासच ठेवेना.

म्हणजे हा डुआयडी (डुप्लिकेट आयडी, खोट्या नावाचं दुसरं खातं) होता. स्वतःच्या लेखावर दुसऱ्या नावाने तिरकस प्रतिसाद देणारा. फरक इतकाच की आपल्याकडचे डुआयडी स्वतःची पाठ थोपटायला जन्म घेतात आणि याने उलट कारणासाठी घेतला. कार्यक्रमातल्या नटाचं लिखाण आहे म्हणून कुणी भिडेखातर घेऊ नये, इतकाच त्याचा हेतू.

रिकामटेकडी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! काट्याचा दांडा घेऊन आलेले म्हातारबाबा डोळ्यांसमोर उभे राहिले. पैसे घेतले का त्यांनी मेणबत्त्यांचे?

वळचणीचं पाणी

घेतले की. इंग्रज आहेत ते.

पडवीतला खांब

लेख बरा आहे, मात्र लांबलाय. आणि 'उपहारगृह' नव्हे, 'उपाहारगृह'. उपहार म्हणजे भेटवस्तू, उपाहार म्हणजे फराळ. कॉर्बेटने पाठवलेले पेले हा उपहार. चायनीज हा उपाहार.

मिसळ कमी तिखट

खांब आले! आता धागा शंभरी गाठणार.

वळचणीचं पाणी

खांब, धन्यवाद. संपादनाची मुदत संपली, राहू दे आता तसंच. दर वेळी पहिलं बोट तुमचंच कसं हो?

अडकित्ता

छान ओळख. ऑक्सफर्डला शिकलेला विनोदवीर म्हणजे भाषेवर पकड असणारच. माँटी पायथन ही विनोदी टोळी, तेही तिथलेच ना?

टेम्सकाठचा

अडकित्ता, इथेच गफलत होते. बार्कर ऑक्सफर्ड गावात वाढला, विद्यापीठात नाही. कॉर्बेटही विद्यापीठात गेलेला नव्हता. 'फ्रॉस्ट रिपोर्ट'मध्ये आजूबाजूला सगळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर, पुढे पायथन म्हणून नाव काढलेले बरेचसे तिथे लिहीत होते. या दोघांचं गूळपीठ जमलं त्याचं एक कारण हेही होतं, असं कॉर्बेट सांगायचा. त्या प्रहसनातली वरची, मधली, खालची पायरी कॅमेरा बंद झाल्यावरही थोडीफार होतीच म्हणा ना.

टू रॉनीज सुरू झाला तो किस्साही मजेदार आहे. लंडन पॅलेडियम या नाट्यगृहात बाफ्टा या सिनेमा-टीव्ही पुरस्कारांचा सोहळा चालू होता आणि मधेच काहीतरी तांत्रिक घोळ झाला. हे दोघं मंचावर. हातात काही नाही. आठ-दहा मिनिटं त्यांनी प्रेक्षकांना नुसतं बोलून खेळवलं. प्रेक्षकांत बीबीसीचे बिल कॉटन आणि पॉल फॉक्स बसले होते. कॉटनने फॉक्सला विचारलं, हे दोघं तुझ्या चॅनेलवर आले तर कसं? त्याच सुमारास त्यांची आधीच्या वाहिनीशी सोयरीक संपत आली होती, हे कॉटनना माहीत नव्हतं. १० एप्रिल १९७१ ला पहिला भाग लागला आणि १९८७ च्या नाताळापर्यंत गाडी चालली. भर बहरात दीड कोटींहून जास्त लोक बघायचे. रस्ते ओस वगैरे, आपल्याकडे रामायणाच्या वेळी व्हायचे तसे.

सायलीची वेल

यूट्यूबवर तीन-चार भाग पाहिले. एक गोष्ट जाणवली. कॉर्बेट त्या मोठ्या खुर्चीत बसून गोष्ट सांगतो तेव्हा तो कॉर्बेटच असतो, भरकटतो, बायकोबद्दल बोलतो. बार्कर एकटा येतो तेव्हा मात्र कुठल्या तरी मंडळाचा अध्यक्ष, मंत्री, डॉक्टर असं काहीतरी असतो. स्वतः म्हणून कधीच येत नाही. हे ठरवून होतं का?

वळचणीचं पाणी

अगदी बरोबर पकडलंत, सायलीताई. त्याला स्वतः म्हणून लोकांसमोर उभं राहायची धास्ती होती. गप्पांच्या कार्यक्रमांना तो शक्यतो जायचा नाही. म्हणून बातम्यांच्या टेबलावर दोघं बसायचे तेव्हाही तो 'बातम्या देणारा माणूस' व्हायचा. त्याला चष्मा, कागद, टेबल काहीतरी मधे लागायचंच. शेवटचं ते ठरलेलं वाक्य आठवा: माझ्याकडून शुभरात्री, आणि याच्याकडूनही शुभरात्री. त्यातसुद्धा एकमेकांच्या आडोशाला उभे.

शब्द उलटेपालटे बोलणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष हे त्याचं भाषण जरूर बघा. अक्षरांची अदलाबदल करत तो पानभर बोलतो आणि कुठेही हसत नाही, अडखळत नाही. ती चूक आहे असं त्या अध्यक्षाला वाटतच नाही, म्हणून आपण हसतो.

आगगाडी

अडखळण्यावरून आठवलं. मी स्वतः तोतरा बोलतो, लहानपणापासून. 'ओपन ऑल अवर्स' या मालिकेतला त्याचा आर्कराइट हा किराणा दुकानदार अडखळतो, आणि माझ्या एका मित्राने कौतुकाने तो भाग लावून दाखवला होता. मला आधी राग आला. मग पाहत गेलो. आर्कराइट महाचिक्कू आहे, भाच्याला राबवून घेतो, समोरच्या नर्सवर लाइन मारतो, आणि अडखळत अडखळत समोरच्याच्या गळ्यात नको असलेला डबा मारतोच. त्याच्या अडखळण्याची कीव कुणी करत नाही. 'बिचारा' म्हणून लिहिलेली पात्रं मला जास्त टोचतात. तरी सगळ्या अडखळणाऱ्यांना ते आवडेल असं म्हणणार नाही. शाळेत असतो आणि वर्गात कुणी नक्कल केली असती, तर माझं मत वेगळं असतं.

टेम्सकाठचा

आगगाडी, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. ते अडखळणं मूळ संहितेत नव्हतं. रॉय क्लार्कने पात्र लिहिलं, अडखळणं बार्करने आणलं. उमेदवारीच्या काळात ग्लेन मेल्विन नावाच्या नटाबरोबर तो काम करायचा, त्याच्याकडून त्याने ते उचललं. म्हणजे वीसेक वर्षं जपून ठेवलेलं. भाचा झालेला डेव्हिड जेसन पुढे स्वतः केवढा मोठा झाला. आणि ते बोटं चावणारं गल्ल्याचं ड्रॉवर! दुकानाचं बाहेरचं चित्रीकरण डॉनकॅस्टरला एका केशकर्तनालयाची दर्शनी बाजू बदलून करायचे.

मिसळ कमी तिखट

एक शंका. हे 'माइंड युवर लँग्वेज'वालेच का? त्यात पगडीवाला सरदारजी असतो ते.

रिकामटेकडी

नाही हो मिसळ, ते वेगळं. आपल्याला सगळे गोरे सारखेच दिसतात.

अडकित्ता

बरं, मुद्द्याचं. मराठीत 'फोर कँडल्स' होईल का? माझा प्रयत्न: हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "बाराखडी द्या." दुकानदार पोरांचा तक्ता काढतो. "अहो, बारा कडी! दाराची!"

पडवीतला खांब

कडीचं अनेकवचन कड्या. बारा कड्या. विनोद खलास.

सायलीची वेल

इथेच गोम आहे. मराठीत शब्द अनेकवचनात रूप बदलतो, त्यामुळे कोटी निसटते. एकवचनात कडी आणि कढी जमेल बहुधा. 'ढ' खाणारं गिऱ्हाईक हवं.

मिसळ कमी तिखट

हार्डवेअरमध्ये कढी मागायला गेलेला माणूस मला जास्त आवडेल.

रिकामटेकडी

घ्या, अनेकवचनासकट घ्या! ठिकाण: उपाहारगृह (खांब, नोंद घ्या). लग्नघरचा माणूस म्हणतो, "घाई आहे, आठ वडे लागतील." आचारी म्हणतो, "आठवडे लागतील तर घाई कसली?"

अडकित्ता

दंडवत! खांब, आता बोला.

पडवीतला खांब

व्याकरण निर्दोष आहे. फक्त 'आठ'नंतर किंचित थांबलात तर विनोद पडेल.

वळचणीचं पाणी

वा, खांबांकडून एवढं म्हणजे बाफ्टाच. आणि थांबण्याचा मुद्दा खरा आहे. बार्कर 'फोर्कँडल्स' एका दमात, कंटाळलेल्या आवाजात म्हणतो. आपण विनोद करतोय हे त्या गिऱ्हाइकाच्या गावीही नाही. हार्डवेअरच्या दुकानात खरोखर असे घोळ होतात हे त्याला एका दुकानदाराकडूनच कळलं होतं, तिथून हे प्रहसन सुचलं. हाताने लिहिलेली त्याची मूळ पानं त्याने धर्मादाय कामासाठी दिली होती. पुढे ती २००७ मध्ये लिलावात ४८,५०० पौंडांना गेली. मेणबत्त्या किती येतील त्यात!

शेवट मात्र त्याच्या मनासारखा जमला नव्हता. मलाही तो ओढूनताणून वाटतो. वैतागलेला दुकानदार गिऱ्हाइकाची यादीच हातात घेतो, वाचतो, आणि दुसऱ्या माणसाला बोलावून आत निघून जातो. पुढचं वाक्य ओळखीच्या चावटपणावर जातं. इतकी सुरेख इमारत आणि वर पत्रा टाकलेला.

सायलीची वेल

चावटपणाचा विषय काढलातच तर बोलते. मला त्यांची 'द वर्म दॅट टर्न्ड' ही मालिकेतली मालिका अजिबात झेपली नाही. १९८० साली केलेली, गोष्ट २०१२ सालची: इंग्लंडवर बायकांचं राज्य आलंय आणि पुरुषांना झगे घालावे लागतात. एवढ्या एकाच चुटक्यावर आठवडेच्या आठवडे (आठ वडे नव्हे) काढलेत. शब्दांशी इतकं नाजूक खेळणारी माणसं बाई दिसली की एकदम बोथट का होतात?

टेम्सकाठचा

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. १९८२ मध्ये 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या विनोदी कार्यक्रमाच्या तरुण टोळीने 'टू निनीज' म्हणून त्यांची नक्कल केली: तेच ते चावट विनोद, तीच ती गाणी. बीबीसीच्याच पडद्यावर. बार्करला ते फार लागलं. माझं मत विचाराल तर नक्कल निर्दय होती आणि बरीचशी खरीही होती.

अडकित्ता

काळाच्या मापाने मोजायला हवं. तेव्हा सगळेच तसं करत होते.

सायलीची वेल

सगळे करत नव्हते, अडकित्ता. आणि बार्कर स्वतःच त्याच काळात 'पॉरिज' ही तुरुंगातली विनोदी मालिका करत होता की. त्यात हा बोथटपणा जवळजवळ नाही.

वळचणीचं पाणी

सायलीताईंशी सहमत. 'पॉरिज' १९७४ ते ७७. स्लेड तुरुंगातला मुरलेला कैदी फ्लेचर. लेखन डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांचं. मला बार्करचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, आणि गंमत म्हणजे ते त्याचं लिखाण नाही. तुरुंग फोडायचा, दंगा करायचा असं काही फ्लेचरच्या डोक्यात नसतं. अननसाचा एक डबा लंपास करावा, वॉर्डर मॅकायला दिवसातून एकदा गंडवावं, एवढंच. आजचा दिवस त्यांच्यावर मात करून काढायचा. कोठडीतला कोवळा पोरगा गॉडबर रात्री घाबरतो तेव्हा फ्लेचर वरकरणी चेष्टाच करत राहतो, आवाज मात्र खाली आणतो. ते काम करणारा रिचर्ड बेकिन्सेल १९७९ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. आता ते प्रसंग बघताना घशात काहीतरी अडकतं.

आगगाडी

बार्कर एल्सबरीला पुतळ्यात बसलाय ना?

टेम्सकाठचा

हो, फ्लेचरच्या वेशात बसलेला. सप्टेंबर २०१० मध्ये बसवला, कॉर्बेट आणि जेसन दोघं आले होते. ज्या गावात अडीच पौंडांवर सुरुवात केली तिथेच. मी गेलो तेव्हा शेजारी एक आजी सँडविच खात निवांत बसल्या होत्या.

रिकामटेकडी

मग १९८७ नंतर काय? इतका चाललेला कार्यक्रम बंद का केला?

वळचणीचं पाणी

स्वतःहून सोडलं. ५८ वर्षांचा होता. कॉर्बेटला आधी सांगून ठेवलं होतं, बाहेर कुणाला पत्ता नाही. निरोपाचं भाषण नाही, सत्कार नाही. नाताळचा भाग झाला, 'क्लॅरन्स' नावाची एक छोटी मालिका (तीही दुसऱ्याच नावाने लिहिलेली, सवय जाते का!) १९८८ मध्ये लागली आणि गडी ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टन गावात बायकोबरोबर जुन्या वस्तूंचं दुकान घालून बसला. जुनी चित्रपोस्टकार्डं जमवायचा नाद पूर्वीचाच, त्यांची पुस्तकंही काढली होती. म्हणजे जन्मभर दुकानातलं गिऱ्हाईक आणि दुकानदार केले आणि शेवटी खरोखर गल्ल्यावर. लोक वस्तू बघायला येत की त्याला, हे सांगायला नको.

चौदाएक वर्षांनी २००२ मध्ये 'द गॅदरिंग स्टॉर्म' या टीव्ही-चित्रपटात चर्चिलचा बटलर म्हणून पुन्हा दिसला. त्या वेळी मी त्याला ओळखत नव्हतो, नंतर मुद्दाम पाहिलं. अल्बर्ट फिनीचा चर्चिल गरजतो आणि मागे हा नुसता उभा असतो, तरी नजर त्याच्याकडे जाते. ३ ऑक्टोबर २००५ ला गेला, ७६ वर्षांचा होता.

आणि पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत स्मरणप्रार्थना झाली. मिरवणुकीत एरवी दोन मेणबत्त्या धरतात. त्या दिवशी चार होत्या.

मिसळ कमी तिखट

आई गं. शेवटच्या ओळीवर फुटलोच.

टेम्सकाठचा

कॉर्बेट २०१६ च्या ३१ मार्चला गेला. त्याच्याही अंत्यविधीला चार मेणबत्त्या होत्या.

पडवीतला खांब

'पुन्हा दिसला' याच्या आधी 'पडद्यावर' हवं. दुकानात तो रोजच दिसत होता.

अडकित्ता

अहो खांब, कुठे काय बोलावं!

वळचणीचं पाणी

बरं, आता सांगूनच टाकतो. पडवीतला खांब मीच आहे. तीन वर्षं झाली. माझ्या लेखातल्या चुका लोक भिडेखातर दाखवत नाहीत, म्हणून काढला होता. मालक, एक आयडी उडवलात तरी चालेल.

रिकामटेकडी

काहीही! बसा खाली.

मिसळ कमी तिखट

खांब यांचं शुद्धलेखन तुमच्यापेक्षा कितीतरी बरं आहे हो. उगाच दुसऱ्याचं श्रेय लाटू नका.

सायलीची वेल

मला तर मिसळ यांचा संशय होता.

अडकित्ता

खांब, तुम्हीच काय ते सांगा.

पडवीतला खांब

माझा या गृहस्थांशी काहीही संबंध नाही. 'चौदाएक' जोडून लिहिलंय ते मात्र बरोबर आहे.